दोन पेशंटच्या मधली दहा मिनिटं

डोंबिवली-कल्याणकडच्या दातांच्या दवाखान्यांची खरी वेळ संध्याकाळी साडेसातनंतर सुरू होते. आमचं अपॉइंटमेंटचं रजिस्टर सीएसएमटीहून येणाऱ्या फास्ट लोकलवर चालतं. गाड्या लेट झाल्या की साडेसात, आठ आणि साडेआठचे पेशंट एकदम दारात. ठाण्यापासून उभी राहून आलेली, भुकेली माणसं. "डॉक्टर, जरा पटकन आवरा हं." माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना निर्जंतुकीकरणाचे नियम तोंडपाठ असतात. ते मोडतात कुठे, हे त्यांना या गर्दीतच कळतं: एक पेशंट खुर्चीवरून उठल्यापासून दुसरा बसेपर्यंतच्या दहा मिनिटांत.

नव्या विद्यार्थ्याचे हात मी बाजूला उभी राहून बघते. स्केलिंग चालू असताना दिवा जरा सरकवावा लागतो. ग्लोव्हला लाळ आणि रक्त लागलेलं असतं, आणि हात आपसूक दिव्याच्या मुठीकडे जातो. मग तोच हात ड्रॉवर उघडतो, कापसाचा डबा उचलतो. हेपटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान 7 दिवस तग धरतो, आणि त्याला पुरेल एवढं रक्त डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून मुठीवर, खुर्चीच्या बटणांवर प्लॅस्टिकचं आवरण चढवायचं आणि दर पेशंटला ते बदलायचं. बाकीचं जंतुनाशकाने पुसायचं, आणि पुसल्यावर ते तिथे ओलं राहू द्यायचं. लगेच कोरड्या कपड्याने टिपलं, तर त्याला काम करायला वेळच मिळत नाही.

सगळ्यात जास्त ओढाताण होते ती हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची. 121 अंशाला किमान 15 मिनिटं, 134 अंशाला 3 मिनिटं, हे पुस्तकातलं गणित. त्यात पाणी तापणं, दाब चढणं, पाउच सुकणं धरलं की अर्धा-पाऊण तास सहज जातो. शुक्रवारी महावितरणचं दुरुस्तीचं काम निघालं आणि मध्येच वीज गेली, तर सायकल पहिल्यापासून. बाहेर तीन माणसं ताटकळत असतात, आणि कोणीतरी हळूच सुचवतं, स्पिरिटने पुसून घेऊ या का? पाच मिनिटं ग्लुटाराल्डिहाइडमध्ये बुडवू या का? दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइडला बीजाणू मारायला 10 तास लागतात. पाच मिनिटांत हत्यार फक्त ओलं होतं. याला एकच उपाय मला ठाऊक आहे, तो म्हणजे भरपूर सेट. दवाखाना थाटताना पाटीवर आणि सोफ्यावर खर्च करण्याआधी मिरर, प्रोब, ट्विझर आणि स्केलर टिप्स घ्याव्यात, गर्दीच्या दिवशीही एक सेट उरेल इतक्या. पाउचवरची पट्टी रंग बदलते ती बाहेरच्या उष्णतेने. आतले जंतू मेले का, हे बीजाणूंच्या चाचणीनेच कळतं. ती दर आठवड्याला करावी.

पाण्याकडे मात्र फार कमी लोक बघतात. आमच्याकडे पाणीकपात नेहमीची; सोसायटीच्या टाकीत कधी पालिकेचं, कधी टँकरचं. ते खुर्चीच्या बारीक नळ्यांतून जातं, रात्रभर तिथेच साचतं, आणि नळीच्या आतून जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. अमेरिकेत जॉर्जियात 2015 साली आणि कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइममध्ये 2016 साली लहान मुलांच्या दुधाच्या दातांवर उपचार करताना अशा पाण्यातून मायकोबॅक्टेरियमचा संसर्ग झाला; कित्येक मुलांच्या जबड्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. ही मुलं मला विसरता येत नाहीत. सकाळी दोन मिनिटं आणि दर पेशंटनंतर वीस-तीस सेकंद नळ्यांतून पाणी सोडायचं, ठरल्या दिवशी नळ्यांना औषध द्यायचं, आणि जखम उघडी असेल तिथे निर्जंतुक सलाइनच वापरायचं.

सुईचं टोपण दोन हातांनी लावायचं नाही. टोपण ट्रेवर आडवं ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवायची, आणि काम झालं की सुई थेट पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज आणि सक्शन टिप लाल, काचेच्या कुप्या निळ्या. एकाच खुर्चीच्या दवाखान्यालाही यातून सूट नाही. कल्याणचं आधारवाडी डंपिंग ग्राउंड 2021 मध्ये बंद झालं. तोवर कित्येक वर्षं तिथे माणसं उघड्या हातांनी कचरा वेचत होती. घरोघरचा कचरा आजही कोणीतरी हातानेच वेगळा करतं. घरगुती कचऱ्यात सुई टाकणाऱ्या डॉक्टरला मी माफ करू शकत नाही.

आणि ही सगळी कामं करतं कोण? 1948 च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टनेच डेंटल हायजिनिस्टच्या स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली होती, पण आमच्या भागातल्या बहुतेक दवाखान्यांत एखादी बारावी झालेली मुलगी बघून बघून शिकते. जगात हा व्यवसाय उभा राहिला तोही दवाखान्यातच: अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टच्या डॉ. अल्फ्रेड फोन्स यांनी 1906 मध्ये आपल्या असिस्टंटला, आयरीन न्यूमनला, दात साफ करायला शिकवलं. 1913 मध्ये त्यांनी शाळाच काढली. असिस्टंटला शिकवणं हे डॉक्टरचं काम आहे. वापरलेली हत्यारं तीच घासते, म्हणून जाड रबरी हातमोजे तिला, आणि हेपटायटिस बीच्या लसीचे तीन डोस तिला डॉक्टरच्या खर्चाने. लस न घेतलेल्याला दूषित सुई टोचली तर हेपटायटिस बी होण्याचा धोका 6 ते 30 टक्के असतो. एचआयव्हीचा हजारात तीन.

स्केलिंग शिकवताना मी आधी अनामिका शिकवते. ती शेजारच्या दातावर घट्ट टेकलेली हवी, म्हणजे पेशंटने डोकं हलवलं तर हातही जबड्याबरोबर हलतो आणि टोक हिरडीत घुसत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला किटण सगळ्यात जास्त. लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. मिश्री लावणाऱ्या मावशींचे दात तर आतून काळे कुळकुळीत. "साफ केले की दात हलतात ना गं?" असं त्या विचारतात. त्यांना आरसा हातात देऊन दाखवावं, की हिरडी आधीच खाली गेलीय, किटणाने ते झाकलं होतं.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना मी ठासून सांगते. एचआयव्ही आहे असं सांगणाऱ्या पेशंटला आजही कुठे परत पाठवतात, कुठे रात्रीची शेवटची वेळ देतात. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने या भेदभावाला मनाई केली आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी एकदा परत पाठवलेला माणूस पुढच्या दवाखान्यात काहीच सांगत नाही, आणि ज्यांना स्वतःलाच माहीत नाही असे पेशंट तर रोज येतात. प्रत्येक तोंडाला सारखीच काळजी घेतली, तर वेगळी वेळ लागतेच कशाला? माझ्या रजिस्टरमध्ये त्या पेशंटला जी वेळ रिकामी असेल ती मिळते, मग ती सकाळची पहिली का असेना.