डिकीतला ऐवज

कुर्ल्याची पद्मिनी, उत्तरपाड्याची अँबेसेडर, गुडगावची मारुती ८००. तिघींच्या डिकीत कोपऱ्यात एक मळकी पिशवी असे. तिच्यातल्या आणि तिच्या गोतावळ्यातल्या वस्तूंची ही यादी.

हँडल. अँबेसेडरची बॅटरी उतरली की पुढून घालून फिरवायचं. अंगठा मुठीभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जाई.

पॉलिश पेपर. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट घासायला. फट मोजायला फीलर गेज. तो नसेल तर व्हिजिटिंग कार्ड. इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं आणि पॉइंटच गेले.

प्लगपाना. मारुतीला सिलिंडर तीन, प्लग तीन. टोक तपकिरी असलं तर गाडी ठणठणीत. काळं, कोरडं असलं तर पेट्रोल जास्त जातंय. तेलकट असलं तर रिंगा बघा. आता बहुतेक गाड्यांत प्लगवर कॉइल बसलेली, तिच्यावर प्लास्टिकचं झाकण.

ओलं फडकं. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोल पंप तापे, आत पेट्रोलची वाफ होई आणि गाडी बसे. पंपावर ओलं फडकं टाकायचं, बॉनेट उघडं ठेवायचं, दहा मिनिटं झाडाखाली. आताचा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला.

फुंकर. ही पिशवीत मावत नसे. कचरा अडकला की कार्ब्युरेटरचा जेट काढायचा, तोंडाने फुंकायचा, पुन्हा बसवायचा. पेट्रोलची चव जेवणापर्यंत पुरे. प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. कचरा डोळ्यांना दिसे. आताचा दोष आधी स्कॅनरला दिसतो.

ऑइलची दांडी. काढा, पुसा, घाला, परत काढा. काही महागड्या गाड्यांत ती नाहीच. ऑइल किती आहे ते पडद्यावर वाचायचं.

स्टेपनी. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर विसाव्या शतकाच्या आरंभी जादा चाकाचा धंदा निघाला, त्या रस्त्याचं नाव आपल्या तोंडी बसलं. २०२० पासून आपल्याकडे ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असलेल्या मोटारीला स्टेपनी नसली तरी चालते.

पिशवी. गाडी वारंवार बंद पडे म्हणूनच ती भरलेली असे, हे मान्य. नवी गाडी क्वचित बंद पडते. पडली की मात्र मालक बाजूला उभा राहतो.

अँबेसेडर आणि ८००, दोघींचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

शिल्लक: टायरची हवा बघणं, काच धुवायचं पाणी भरणं, आणि काचेवर चिकटवलेला मदतीचा फोन नंबर.