भरून येणं

फाटलेलं लुगडं आपण शिवतो, तुटलेलं दागिन्याचं टोक जोडतो, दार लावून घेतो. जखमेसाठी मात्र आपल्या भाषेनं यांतलं एकही क्रियापद घेतलं नाही. जखम 'भरते'. उन्हाळ्यात आटलेली विहीर भरते तशी, तळाकडून वर. मी मराठी शिकवते. 'जखम भरणे' या शब्दांची वाक्यं मुलींकडून किती वेळा करून घेतली असतील याची गणती नाही. पण या शब्दामागं किती नेमकी नजर आहे, हे गेल्या वर्षी उजव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाल्यावर मला कळलं.

'स्तन' हा शब्द कवितेच्या तासाला चालतो, घरात चालत नाही. घरी आणि शिक्षकांच्या खोलीत सगळे 'छातीचं ऑपरेशन' म्हणत. शस्त्रक्रिया नीट झाली. स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, टाके घातले. आत साचणारं पाणी बाहेर यावं म्हणून एक नळी ठेवली आणि नळीच्या टोकाला बाटली. ती बाटली कापडी पिशवीत घालून, पिशवी गळ्यात अडकवून मी घरभर हिंडत असे. बाराव्या दिवशी शिवणीच्या मधोमध कातडी काळी पडली. आतला भाग निघून गेल्यावर वरच्या पातळ कातडीला रक्त पोचतं ते कडेकडेच्या बारीक वाहिन्यांतून, आणि शिवणीपाशी, म्हणजे अगदी टोकाला, ते कधी कधी पुरत नाही. त्यात मला मधुमेह. साखर चढली की या वाहिन्याही मंदावतात आणि जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीही. डॉक्टरांनी मेलेली कातडी कापून काढली, पण पुन्हा टाके घातले नाहीत. म्हणाले, "उघडीच ठेवू या, बाई. आतून भरू दे."

मग रोज सकाळी मलमपट्टी. सिस्टर मिठाच्या पाण्यात भिजवलेली जाळीच्या कापडाची लांब पट्टी हलक्या हातानं आत बसवीत. वरचं तोंड आधी मिटलं तर खाली पोकळी राहते आणि तिच्यात पू धरतो, म्हणून वरच्या घाईला हा अडसर. पहिल्या दिवशी वीतभर पट्टी मावली. आठवड्यानं आरशात पाहिलं तर तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखा लाल, ओलसर थर धरला होता. पट्टी काढताना त्यातून रक्ताचा थेंब आला. मी दचकले. सिस्टर म्हणाल्या, "रक्त येतंय ना? मग ते जिवंत आहे हो, बाई."

घरात आहाराचं महाभारत सुरू झालं होतं. वन्सं बजावीत, "वहिनी, तूरडाळ, वांगं, आंबट अगदी वर्ज्य. पू होतो." डॉक्टरांची यादी नेमकी उलटी. डाळी, दही, अंडी, लिंबू, आवळा. नवं मांस धरायला प्रथिनं हवीत आणि ते विणायला क जीवनसत्त्व हवं. आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. सासूबाईंनी दोन दिवस कुणाशी काही न बोलता विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मागच्या पडवीत वेगळी शेगडी आणि वेगळं पातेलं मांडलं. "सूनबाई, किती मिनिटं उकडायचं असतं गं हे?" एवढंच त्यांनी विचारलं.

खरी काळजी निराळीच होती. पुढचं औषध, केमोथेरपी, जखमेसाठी खोळंबलं होतं. ते औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. त्यांतली कर्करोगाची कुठली आणि जखम भरणारी कुठली, हे त्याला कळत नाही. म्हणून आधी जखम भरायला हवी, आणि फार दिवस थांबणंही धोक्याचं. रात्री जाग आली की मी हाच हिशेब करी. ज्या वाढीसाठी मी देव पाण्यात ठेवले होते, तसल्याच वाढीनं मला इथवर आणलं होतं. १९८६ साली हॅरल्ड ड्वोरॅक या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञानं कर्करोगाच्या गाठीला न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली. जखम भरताना शरीर जी सामग्री वापरतं, नव्या रक्तवाहिन्या, नवा आधार, तीच गाठही वापरते. फरक इतकाच, की जखमेतली वाढ कडेच्या पातळीला आली की थांबते आणि गाठीला थांबणं ठाऊक नसतं. हे समजल्यापासून माझ्या जखमेच्या मंदपणाचा राग मला येईनासा झाला. ती रोज मोजूनमापून थोडंसंच घेत होती.

याच दिवसांत सुश्रुताचं मराठी भाषांतर हाती आलं. भरत चाललेल्या व्रणाच्या कडा पारव्याच्या रंगाच्या असतात, असं त्यानं म्हटलं आहे. मी आरशात पाहिलं, आणि खरंच तो करडा-जांभळा रंग होता. पुढं तो सांगतो की भरलेला व्रणसुद्धा पुन्हा फाटू शकतो. आघातानं, श्रमानं, अजीर्णानं, तसाच रागानं, भीतीनं आणि हर्षानंही. भरल्या जखमेला आनंदही जपून द्यावा, हे त्या शस्त्रवैद्याच्या ध्यानात आलं होतं!

सातव्या आठवड्यात आत पट्टी बसवायला जागा उरली नाही. औषध सुरू झालं, केस गेले, वर्ष सरलं. आज तिथं पांढरट, ताणलेली पन्हळ आहे. भरलेल्या कातडीला मूळच्या बळापैकी फार तर ८० टक्के बळ परत मिळतं, असं म्हणतात. तेवढ्यावर माझं चालतं. भिंतीवरून बोटं चढवायचा व्यायाम रोज करते. तिथं पेन्सिलीच्या खुणा वर वर सरकताहेत, पण फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत उजवा हात अजून पोचत नाही. पाचवीतल्या मुली म्हणतात, "बाई, तारीख आम्ही लिहितो." बाकाशेजारची एखादी खुर्ची ओढून त्यांतली सर्वांत बुटकी मुलगी तीवर चढते आणि वळणदार अक्षरात तारीख लिहिते. मी तिच्याखालच्या ओळीपासून शिकवायला सुरुवात करते.