घडीच्या सायकलीची पारख

व्यापारी घरात खरेदीचा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. वस्तू कशासाठी हवी, हा असतो. हा प्रश्न न विचारता घेतलेली वस्तू कितीही स्वस्त पडली तरी ती शेवटी माळ्यावरच जाते. घडीची, म्हणजे फोल्डिंग सायकल ही या नियमाची कसोटी पाहणारी वस्तू आहे. तिला दुमडायचेही असते आणि दौडायचेही असते. आणि वाट दगडधोंड्यांची असली, की या दोन गुणांत भांडण सुरू होते.

कल्याणच्या एका धान्य व्यापाऱ्यांपुढे हे भांडण उभे राहिले. वय साठीपार, दुकान मुलाच्या हाती सोपवलेले. कर्जत तालुक्यात, कशेळ्याजवळ त्यांची थोडी जमीन. कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे कशेळे हे परिसरातील वाड्या-पाड्यांच्या बाजाराचे गाव. येथून एक वाट खांडसकडे, भीमाशंकरच्या पायथ्याला जाते, तर दुसरी आंबिवलीकडे, कोथळीगडाच्या पायथ्याला. डांबरी रस्ता सोडला की भातखाचरांचे बांध, मुरमाड पाणंद आणि ओहोळातले गोटे सुरू होतात. मोटारीने जायचे तर कोणाला तरी सोबत न्यावे लागे. "अण्णा, तुम्ही सांगा, मी रविवारी सोडतो," असे मुलगा म्हणे; पण रविवार दुकानाच्या कामातच बुडून जाई. आपल्या जमिनीवर आपल्या पायांनी, आपल्या सवडीने जाता यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. घरच्यांना मात्र भीती होती ती पडण्याची. या वयात मोडलेले हाड लवकर जुळत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

म्हणून त्यांनी वहीच घेतली आणि प्रवासाचा हिशेब मांडला. कल्याण ते कर्जत लोकल. सकाळी मुंबईच्या उलट दिशेला गर्दी कमी. दोन्ही स्थानकांवर जिने. पुढे कशेळ्यापर्यंत बारा-पंधरा किलोमीटर डांबरी रस्ता आणि शेवटी जेमतेम दोन-तीन किलोमीटर कच्ची वाट. परतीला तेच. म्हणजे उचलणे नेहमीचे, डांबर बहुतांश आणि दगड थोडे. परंतु धोका सगळा त्या थोड्यातच.

पहिला विचार चाकाचा. वाटेत पाच सेंटिमीटर उंचीचा दगड आडवा आला, तर २६ इंची चाकाला तो सुमारे ३२ अंशांच्या चढासारखा भासतो, २० इंचीला सुमारे ३७ अंशांच्या. चाक जितके लहान, तितका तोच दगड मोठा. १६ इंची सायकल शहरात सोयीची, पण पाणंदीत ती अडखळते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बीएसए कारखान्याने छत्रीधारी सैनिकांसाठी घडीची सायकल केली, तिची चाके पूर्ण आकाराची होती. पुढे अमेरिकेतील माँटेग्यू कंपनीनेही २६ इंची चाकांची, दुमडणारी डोंगरी सायकल बनवली. मात्र तिची घडी सुमारे ९० सेंटिमीटर लांब, ७० सेंटिमीटर उंच होते. जिन्यावर आणि डब्याच्या दारात ती आडवी येते.

दुसरा विचार टायरचा. लहान चाकाची उणीव रुंद टायर बरीचशी भरून काढतो. दीड इंचाऐवजी दोन इंची टायर बसेल एवढी जागा चिमट्यात आहे का, हे विकत घेण्यापूर्वीच मोजावे. डांबरावर हवा जास्त, कच्च्या वाटेवर थोडी कमी. छोटा पंप सोबत असावा. २० इंची ट्यूब लहान मुलांच्या सायकलींमुळे बहुतेक गावांत मिळते, हाही मोठा फायदा.

तिसरा विचार गिअरचा. चाकाचा इंची व्यास गुणिले पुढचे दाते, भागिले मागचे दाते, असे हे साधे गणित. २० गुणिले ४८ भागिले ३२, उत्तर ३०. चढासाठी ते याच्या आसपास किंवा कमी असावे. मागे १४ दाते असले तर उत्तर ६८ च्या वर. ते सपाट रस्त्याला पुरते. लहान चाकाच्या सायकलीत मागचा गिअर बदलणारा लोंबता भाग जमिनीजवळ येतो आणि दगडावर आपटतो. त्याला लोखंडी संरक्षक कडे हवे, नाहीतर हबच्या आत बसणारे गिअर घ्यावेत.

चौथा विचार बिजागरीचा, आणि तोच खरा सुरक्षिततेचा. घडीच्या सायकलीचा हँडलचा दांडा लांब असतो. धक्क्यांचा ताण तेथे आणि मधल्या सांध्यावर येतो. खटका बसल्यावर दांडा हलवून पाहावा. किंचितही कचकच जाणवली तर ती सायकल घेऊ नये. वजनाची मर्यादा वाचताना स्वारासोबत पिशवीही धरावी. आणि बसण्यापूर्वी प्रत्येक वेळी दोन्ही खटके हाताने तपासावेत, कुलूप लावल्यावर ओढून पाहतात तसे.

त्यांनी शेवटी २० इंची, दोन इंच टायरची, हबमधील गिअरची सायकल निवडली. दुकानात ती स्वतः तीनदा दुमडली, उचलून जिना चढून पाहिला, मगच पैसे दिले. घरच्यांशी करारही ठरला. पावसाळ्यात सायकल बंद. ओहोळ आणि उतार पायी, सायकल हाती धरून. डोक्याला हेल्मेट. खांडसच्या पुढे चाक न्यायचे नाही. भीमाशंकरचा शिडी घाट पायांसाठीच आहे. थकवा आला किंवा काही बिघडले, तर सायकल दुमडून रिक्षात ठेवायची. "मग जा," मुलगा म्हणाला, "पण पोहोचल्यावर फोन करा."

घडीचा खरा उपयोग येथेच आहे. ती केवळ जागा वाचवत नाही, माघारीची वाट मोकळी ठेवते. कोणत्याही वाटेवर चालणारी सायकल बाजारात नाही. प्रत्येक सोय दुसऱ्या सोयीची किंमत मागते. आपली वाट किती, वजन किती, उचलणे किती आणि पडण्याचा धोका कोठे, हे कागदावर मांडले की निवड सोपी होते. उतारवयात स्वावलंबन टिकवायचे असेल, तर हौसेला हिशेबाची जोड हवी आणि घरच्यांच्या काळजीला वहीत जमेची बाजू मिळायला हवी.