तरंगंबाडीचा किनारा

दक्षिणेच्या यात्रेस निघालेला महाराष्ट्रीय प्रवासी तंजावरास बहुधा थांबतो. बृहदीश्वराचें दर्शन घ्यावें, देवळाच्या भिंतीवर कोरलेला भोंसलेकुलाचा मराठी इतिहास वाचून मनांतल्या मनांत सुखवावें, सरस्वती महालांतील पोथ्या पाहाव्या आणि मग रामेश्वराची गाडी धरावी, असा परिपाठ आहे. तंजावराहून पूर्वेस कुंभकोणम् व मायिलाडुतुरै हीं गांवें मागें टाकून समुद्राकडे जाणारी वाट फारसें कोणी धरीत नाहीं. त्या वाटेच्या शेवटीं तरंगंबाडी नांवाचें एक लहानसें गांव आहे. तीर्थ म्हणून त्याची ख्याति नाहीं. तथापि भाषांतरविद्या, मत्स्यशास्त्र आणि स्त्रीशिक्षण या तीन अगदीं निरनिराळ्या गोष्टींचे धागे ज्या एका ठिकाणीं गुंतले आहेत, असें दुसरें गांव हिंदुस्थानांत क्वचितच सांपडेल.

नांवांतील ‘तरंग’ शब्द आपल्या ओळखीचाच आहे. गाणाऱ्या लाटांचें गांव, असा या नांवाचा अर्थ तेथील लोक मोठ्या कौतुकानें सांगतात. इ. स. १६२० मध्यें तंजावरच्या रघुनाथ नायकानें ही जागा डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना दिली. सोन्याच्या पत्र्यावर लिहिलेलें त्याचें पत्र कोपनहेगन येथें आजही जपून ठेवलेलें आहे. पुढें तंजावर भोंसल्यांच्या हातीं आलें आणि डेन लोक मराठे राजांना खंडणी देऊं लागले. अखेर १८४५ मध्यें साडेबारा लाख रुपयांच्या व्यवहारांत श्रीरामपूरसह हें ठाणें इंग्रजांनीं विकत घेतलें. गांवाच्या वेशींतून आंत शिरलें म्हणजे एक सरळ रस्ता थेट समुद्राकडे जातो. दुतर्फा खांबांच्या ओसऱ्यांचीं जुनीं घरें, मध्यें १७१८ सालीं बांधलेलें न्यू जेरुसलेम चर्च, आणि शेवटीं डान्सबोर्गचा पिवळसर किल्ला. किल्ल्याच्या उत्तरेस मासिलामणिनाथाचें चौदाव्या शतकाच्या आरंभीचें शिवालय आहे. समुद्रानें त्याचा पुढील भाग केव्हांच गिळला. डिसेंबर २००४ मध्यें त्सुनामीच्या लाटांनीं या गांवच्या कोळीवस्तीवर जो घाला घातला, त्याची आठवण तेथें कोणीही विसरलेलें नाहीं. लाटा गातात हें खरें, पण त्या घेतातही.

९ जुलै १७०६ रोजीं या किनाऱ्यावर बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग नांवाचा एक तेवीस-चोवीस वर्षांचा जर्मन पाद्री उतरला. तंजावरच्या गादीवर त्या वेळीं व्यंकोजीचे पुत्र शहाजी महाराज होते. झीगेनबाल्गाचा धर्मप्रसाराचा हेतु आपणांस रुचो वा न रुचो; त्याच्या विद्याव्यासंगाविषयीं मात्र आदर वाटल्यावांचून राहात नाहीं. लहान मुलांच्या पंक्तींत बसून, वाळूंत बोटानें अक्षरें गिरवीत तो तामिळ शिकला, असें सांगतात. १७०७ मध्यें त्यानें मुलींसाठीं शाळा काढली. पुण्यास भिडे वाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा उघडली ती १८४८ सालीं; म्हणजे त्यापूर्वीं एकशेंएक्केचाळीस वर्षें कावेरीच्या मुखाजवळ कांहीं मुली पाटीवर तामिळ अक्षरें काढीत होत्या. त्यांचीं नांवें आज कोणी घेत नाहीं. आणखी महत्त्वाची गोष्ट अशी कीं, त्या शिकल्या त्या आपल्या मातृभाषेंत.

मुलें-मुली वाचूं लागलीं म्हणजे पुस्तकें हवींत. झीगेनबाल्गानें ‘नव्या करारा’चें तामिळ भाषांतर १७०८ मध्यें हातीं घेऊन १७११ मध्यें पुरें केलें. जर्मनींत ओतलेले तामिळ खिळे फार मोठे निघाले. कागद अपुरा पडूं लागला. तेव्हां तरंगंबाडींतच लहान खिळे पाडले, शेजारच्या पोरैयार गांवीं कागदाची गिरणी घातली, आणि १७१५ पर्यंत ग्रंथ छापून निघाला. पण खरी अडचण खिळ्यांची नव्हती, शब्दांची होती. ‘ईश्वर’ याला तामिळांत कोणता शब्द योजावा? झीगेनबाल्गानें ‘सर्वेश्वरन्’ घेतला. त्याच शतकांत पुढें फाब्रीसियस यानें ‘पराबरन्’ पसंत केला. त्यानंतरच्या भाषांतरकारांनीं ‘देवन्’ आणला. एका शब्दासाठीं दीडशें वर्षें विद्वानांचा खल चालावा, यावरूनच भाषांतर हें कोशांतून शब्द उचलण्याचें काम नव्हे, हें ध्यानांत येईल. झीगेनबाल्ग १७१९ मध्यें अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं निवर्तला; त्याच्याच चर्चमध्यें त्याची समाधि आहे.

आतां माशांची कथा. १७७१ मध्यें क्रिस्टोफ सामुएल योन हा दुसरा जर्मन पाद्री येथें आला आणि १८१३ मध्यें मृत्यु येईपर्यंत येथेंच राहिला. शाळा चालविणें हें त्याचें काम आणि सृष्टिनिरीक्षण हा छंद. कोळ्यांनीं किनाऱ्यावर आणलेले मासे तो टिकवून, त्यांचीं स्थानिक नांवें व संवयी लिहून बर्लिनला मार्कुस एलीझर ब्लॉख या ज्यू वैद्याकडे पाठवी. ब्लॉखनें १७८२ ते १७९५ या काळांत माशांवर बारा खंडांचा, ४३२ रंगीत चित्रांचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें एका मत्स्यवंशाला आपल्या मित्राचें नांव दिलें: जोनियस. आमच्या कोंकणांत ज्याला ढोमा म्हणतात, तो याच कुळांतला. या माशांच्या पोटांत हवेची एक पिशवी असते. तिच्यालगतचे स्नायु थरथरवून ते पाण्यांत घुमल्यासारखा आवाज करतात. त्यांच्या कानांतील खडे इतर माशांच्या मानानें मोठे असतात; झाडाच्या बुंध्याप्रमाणें त्यांवर वलयें पडतात आणि तीं मोजून माशाचें वय काढतां येतें. या वंशांतील एका जातीचें शास्त्रीय नांव ‘करुत्ता’ असें आहे. हा शब्द लॅटिन नव्हे. काळा या अर्थाचा तामिळ शब्द तो. होडींतल्या कोळ्याचा शब्द बर्लिनमार्गें जगाच्या शास्त्रांत जाऊन बसला!

तळीं व खाजणें यांत राहाणाऱ्या एका माशाची हकीकत तर याहून मनोरंजक आहे. डाल्डोर्फ या डॅनिश लष्करी अधिकाऱ्यानें नोव्हेंबर १७९१ मध्यें तरंगंबाडीजवळ एका ताडाच्या सालीच्या फटींत, पाण्यापासून सुमारें पांच फूट उंचीवर, हा मासा पाहिला, आणि १७९७ मध्यें लंडनच्या लिनियन सोसायटीस तसें कळविलें. त्यास डोक्यांत हवा घेण्याची निराळी इंद्रियें असतात. कल्ल्यांच्या कांटेरी झांकणांच्या आधारें तो ओल्या जमिनीवरून सरकत जातो. खरोखरीच ताड चढतो कीं पक्ष्यांच्या चोंचींतून तेथें पडतो, याबद्दल पुढें संशय घेण्यांत आला. तामिळ लोक मात्र त्याला ‘पनैयेऱि’, म्हणजे ताड चढणारा, असेंच म्हणतात.

हा शब्द मोठा परीक्षा पाहाणारा आहे. ताडी काढणाऱ्या मनुष्यालाही ‘पनैयेऱि’च म्हणतात. शिवाय कठोर ‘ऱ’च्या जागीं साधा ‘र’ आला तर ‘एरि’ म्हणजे तलाव! आज भाषांतराचें काम यंत्रें करूं लागलीं आहेत. मद्रासच्या आय. आय. टी. मध्यें तयार झालेली भाषांतरप्रणाली हिंदुस्थानच्या बावीस भाषांत व्यवहार करते. २०२२ मध्यें सरकारनें ‘भाषिणी’ ही योजना चालू केली. हीं यंत्रें व्याकरण घोकीत नाहींत. दोन भाषांतील समान अर्थाचीं लक्षावधि वाक्यें शेजारीं ठेवून तीं शिकतात. ज्या भाषांत असें वाङ्मय थोडें, तेथें पुष्कळदां बायबलाचें भाषांतरच प्रथम हाताशीं येतें. पण ‘पनैयेऱि’ आला म्हणजे मासा कीं माणूस, हें यंत्रानें ओळखावयाचें तर कोणीतरी माशाविषयीं तामिळांत लिहिलेलें असलें पाहिजे.

लिहावें कोणीं? तरंगंबाडीच्या वाळूवर होड्या लागल्या कीं मासळी निवडण्याचें व विकण्याचें काम बायकांकडे येतें. कोणता मासा कोणत्या महिन्यांत गाभोळीनें भरतो, कोणता हल्लीं लहान येऊं लागला, हें त्यांच्या हातांना ठाऊक असतें. विणीच्या काळांत, १५ एप्रिलपासून १४ जूनपर्यंत, पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना एकसष्ट दिवस बंदी असते. तिचें प्रयोजन त्यांना निराळें समजावून द्यावें लागत नाहीं. याच किनाऱ्यानें उत्तरेस परंगीपेट्टै येथें, वेळ्ळार नदीच्या मुखाशीं, अण्णामलै विद्यापीठाचें सागरी जीवशास्त्राचें अध्ययनकेंद्र आहे. तेथील शोधनिबंध बहुशः इंग्रजींत निघतात. टोपलीवालीचें ज्ञान एका भाषेंत आणि प्रयोगशाळेचें दुसरींत, असा हा दुरावा आहे. तो मोडण्यास यंत्र हातभार लावील. पण टोपलीवालीची मुलगी शिकून, आईच्या तोंडचे शब्द घेऊन त्या प्रयोगशाळेंत गेली, तर तो खराखुरा मोडेल.

तंजावरास सरफोजी राजांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच देवनागरी खिळे करवून इसापच्या गोष्टी मराठींत छापविल्या. त्यांचे गुरु श्वार्ट्झ हे १७५० मध्यें तरंगंबाडीसच उतरलेले. परक्याकडील विद्या घ्यावी आणि ती आपल्या भाषेंत घरोघर पोंचवावी, हा धडा त्या मराठी राजानें नीट घेतला होता. आपल्या मुली आज पदार्थविज्ञान आणि प्राणिशास्त्र शिकतात ही अभिमानाची गोष्ट खरी. पण शिकलेलें त्या आपल्या आजीस मराठींत सांगूं शकतात काय, असें एकदां प्रत्येक घरानें विचारून पाहावें. तंजावरपर्यंत गेलेल्या वाचकांनीं आणखी एक दिवस काढावा आणि सकाळच्या प्रहरीं, होड्या परतण्याच्या वेळीं, तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर जावें.