दोरीवरच्या खुणा

जुलैत आमच्या वेल्ह्याच्या वर्गातली अर्धी बाकं रिकामी असतात. हजेरीपटावर मी 'गैरहजर' लिहितो आणि खिडकीबाहेर बघतो, तर पलीकडच्या खाचरात तीच पोरं पोटरीभर चिखलात वाकून भात लावत असतात.

एकदा शाळेत पाहुणे आले. विषय, 'नोकरीसाठी सज्ज व्हा'. वेळ पाळा, कष्टाला लाजू नका, एकजुटीनं काम करा, असं त्यांनी तासभर सांगितलं. समोर बसलेल्यांतली कितीतरी मुलं पहाटे गोठा उरकून, डोंगर उतरून आली होती. एकमेकांच्या शेतात मिळून राबायच्या इर्जिकीच्या गावात एकजुटीवर भाषण! मला हसू आलं आणि लगेच ओशाळायलाही झालं. त्यांच्या कामाला वर्षानुवर्षं मीही खाडाच म्हणत आलो होतो.

हाताच्या कामातूनच शिकवायची वाट तशी नवी नव्हती. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञान अभ्यासक्रमात मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं शिकतात: वेल्डिंग, वीज, शेती, आरोग्य. गावाची कामं करतात आणि त्यांचा खर्चही मांडतात. आमच्याकडे तशी कार्यशाळा नव्हती. खाचर मात्र होतं.

पुढच्या लावणीला मी नववीच्या मुलांबरोबर चिखलात उतरलो. चारसूत्री लागवडीची दोरी ताणलेली. तिच्यावर १५ आणि २५ सेंटीमीटरवर आलटून पालटून खुणा. रोपांच्या जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी खोचायची. मी विचारलं, "दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकड्याला गोळ्या किती?"

गणिताच्या तासाला मान वर न करणारा एकजण दोरी चाचपत म्हणाला, "चाळीस सेंटीमीटरला एक. दहा मीटरला पंचवीस. म्हणजे सव्वासहाशे, सर."

कष्ट या मुलांना शिकवावे लागत नाहीत. शिरवळच्या कारखान्यात गेल्यावर ती अडतात ती वेगळ्याच जागी. समजलं नाही तरी मान डोलावतात, पगारातली कपात दिसली तरी गप्प राहतात. ही सवय त्यांना आम्हीच लावली. गप्प बसणाऱ्याला आम्ही शिस्तीचा म्हणत आलो.

शाबासकी देऊन मी बांधाकडे वळलो, तेवढ्यात मागून तोच म्हणाला, "पण सर, आपलं खाचर कुठं चौकोनी आहे? बांध तर वाकडा."

उत्तर माझ्याकडे नव्हतं. दोरीचं दुसरं टोक मी हातात घेतलं, आणि आम्ही वाकडा बांध मोजायला लागलो.