चाकणच्या पुढची शांतता

नाशिक फाट्यावरून गाडी वळवली की पुढचा तास कसा जाणार, हे पिंपरी-चिंचवडकरांना सांगायला नको. भोसरी, मोशी आणि मग चाकण! कंपन्यांच्या बसेस, कंटेनर, नव्याकोऱ्या गाड्या लादलेले ट्रेलर... सगळ्यांना एकाच वेळी पुढे जायचं असतं. पण हा एमआयडीसीचा पट्टा ओलांडून मंचरमार्गे नारायणगाव गाठलंत आणि उजवीकडे खोडदला वळलात, तर आवाज एकदम मागे राहतो. उसाच्या, टोमॅटोच्या शेतांमधून अचानक अवाढव्य डिश डोकं वर काढतात.

ही जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, पुण्याच्या एनसीआरए या संस्थेची रेडिओ दुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश; 14 मधोमध, बाकीच्या तीन दिशांना कित्येक किलोमीटर पसरलेल्या. मी गेले विज्ञान दिनाला. पल्सार, दीर्घिका हे सगळं मस्तच आहे, पण मला ओढ होती ती एका ग्रहाची.

ग्रहाचं नाव हॅट-पी-11बी. (नाव ठेवणाऱ्यांनी जरा विचार करायला हवा होता!) हंस तारकासमूहात, सुमारे 120 प्रकाशवर्षं दूर, आकाराने नेपच्यूनसारखा. ताऱ्याच्या इतका जवळ, की त्याचं 'वर्ष' पाच दिवसांतच संपतं. तिथे राहायला जायचा प्रश्नच नाही, भाजून निघाल! पण एखाद्या परक्या ग्रहावर हवामान टिकतं का, हे शोधताना असे ग्रहच आधी हाताशी लागतात. कारण हवामानासाठी आधी हवा हवी आणि हवा टिकवायला चुंबकीय क्षेत्राची मदत होते, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. मंगळाचं ते क्षेत्र गेलं आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांनी त्याचं बरंचसं वातावरण पळवलं.

चुंबकीय क्षेत्र असलेला ग्रह रेडिओ लहरी सोडतो. आपला गुरू सोडतोच. म्हणून 2009मध्ये खोडदच्या डिश या ग्रहाकडे वळल्या. 150 मेगाहर्ट्झवर एक अगदी क्षीण सिग्नल दिसला. ग्रह ताऱ्याच्या मागे गेला, सिग्नल गेला. ग्रह बाहेर आला, सिग्नल परत! अंगावर काटा यावा अशी गोष्ट. पण 2010मध्ये पुन्हा पाहिलं, तर काहीच नाही. फ्रेंच आणि भारतीय शास्त्रज्ञांच्या त्या टीमने 2013मध्ये निबंध छापला, तोही 'चाहूल' लागली एवढंच म्हणून. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. पुढे 2014मध्ये अवकाश दुर्बिणींना याच ग्रहावर पाण्याची वाफ सापडली आणि 2021मध्ये हबलच्या निरीक्षणांतून चुंबकीय क्षेत्राच्या खुणाही. मात्र हे क्षेत्र खोडदच्या सिग्नलला पुरेल इतकं तगडं वाटत नाही. म्हणजे 2009ला नेमकं काय दिसलं, हे कोडं कायमच आहे.

इतकं हळू बोलणारं ऐकायचं तर आजूबाजूला गप्प बसावं लागतं. मोबाइल तर सोडाच, पेट्रोल गाडीच्या स्पार्क प्लगची ठिणगीसुद्धा रेडिओ लहरी फेकते. आणि खालच्या अंगाला सगळा चाकण गाड्याच बनवतोय! पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावकडचा मूळ मार्गही याच दुर्बिणीमुळे बाजूला पडला. 2025मध्ये तो अहिल्यानगर, शिर्डीकडून न्यायचं ठरलं. जुन्नर-आंबेगावात त्यावर संताप आहे आणि तो मला पटतोही.

माझी एक मैत्रीण नारायणगावची, चाकणला क्वालिटीत काम करते. तिला हा सगळा किस्सा सांगितला, तर म्हणाली, "अगं, तुझा ग्रह पाच दिवसांत अख्खी फेरी मारतो. मला रोज घरी पोचायला दोन तास लागतात, त्याचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी दुर्बीण हलवा असं मी म्हणणार नाही. जागा निवडली तेव्हा शांतता होती म्हणूनच ती इथे आली, आणि 30 डिश उचलून दुसरीकडे ठेवता येत नाहीत.

जायचं असेल तर 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाचा बेत करा, तेव्हा इथे विज्ञान प्रदर्शन भरतं. सकाळी लवकर निघा, चाकण आठच्या आत पार करा. नारायणगावला मिसळ खा. आणि फोनवरचं काय ते आधीच उरकून घ्या, तिथे तो बंद ठेवायचाय!