दांडीचा आरसा

दिवाळीची झाडलोट म्हणजे आमच्या घरी दरवर्षी पडणारा एक छोटासा छापाच असतो. ही माळ्यावर चढते, मी खाली उभा राहून ती देईल ते झेलतो, आणि प्रत्येक वस्तूगणिक ‘ठेवायचं की टाकायचं?’ असा प्रश्न वरून येतो. माझे उत्तर ठरलेले असते आणि तिचा निकालही. यंदा बिस्किटांच्या एका गंजक्या डब्यातून एक वस्तू निघाली. वीतभर लांबीची दांडी, तिच्या टोकाला जुन्या रुपयाएवढा गोल आरसा, आणि दोहोंच्या मध्ये हवा तसा वळणारा एक सांधा. सात वर्षांच्या नातीने ती झटकन उचलली.

‘आजोबा, तुम्ही दातांचे डॉक्टर होता?’

‘नाही गं. मी विमानांकडे होतो.’

‘विमानांना दात असतात?’

मी हसून वेळ मारून नेली. पण आरसा तिच्या हातात आणि विचार माझ्या डोक्यात, असे त्या दिवशी झाले खरे.

जिथे डोके शिरत नाही तिथे डोळा पोचवायचा, एवढेच या आरशाचे काम. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात हा आरसा, आणि पोटावर सरपटत विमानाच्या कुठल्या तरी कपारीत शिरलेला मी. आयुष्यातल्या कितीतरी रात्री माझ्या अशा गेल्या.

१९५३ साली सरकारने देशातल्या विमानकंपन्या आपल्या ताब्यात घेतल्या. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे आपल्या देशातला हवाई प्रवास म्हणजे सरकारचाच कारभार होता. नव्वदीच्या सुरुवातीला दार किलकिले झाले आणि १९९४ साली तो जुना कायदाच रद्द झाला. पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तशा खासगी कंपन्या उगवल्या. त्यांतल्या एकीत मी लागलो. तिचे नाव सांगत नाही. ती आता नाही, आणि गेलेल्याचे नाव काढून भांडू नये अशी आपली रीत आहे.

सांताक्रूझच्या हँगरात आमचे पहिले विमान आले तो दिवस मला आठवतो. बोइंग ७३७ च्या पहिल्या पिढीतले, पंखांखाली विडीसारखी लांबट इंजिने असलेले. या जातीचे विमान प्रथम उडाले १९६७ साली. आमचे तितके जुने नव्हते. पण दोन-तीन देशांत नांदून, भाडेकराराने आमच्याकडे आलेले होते. अंगावर नवा कोरा रंग, शेपटीवर आमच्या कंपनीचे चिन्ह. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाची तिरपी तिरीप त्याच्या कुशीवर पडली, आणि नव्या रंगाखालून कुठल्या तरी परक्या कंपनीची जुनी अक्षरे पुसट उमटली. आतल्या एका झाकणावर आमच्यापैकी कोणालाच वाचता न येणाऱ्या भाषेत काहीतरी सूचना होती. नाना त्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाले, ‘पोरांनो, ही आपल्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेली दिसते. हिला आक्का म्हणा.’

तेव्हापासून ती आक्का झाली.

नाना म्हणजे आमचे परवानाधारक अभियंते. काम आम्ही करायचे आणि विमान उडायला योग्य आहे अशी सही त्यांनी करायची. ती सही झाल्याशिवाय विमान जागचे हलत नसे. सही करण्यापूर्वी ते चष्मा काढून धोतराने पुसल्यासारखा शर्टाच्या टोकाने पुसत आणि समोरच्याकडे पाहून एकच शब्द विचारत : ‘झालं?’

आता एक गोष्ट सांगायला हवी. जुने विमान म्हणजे वाईट विमान असे कोणी समजू नये. विमानाचे खरे वय वर्षांपेक्षा उड्डाणांत मोजायचे असते. विमान वर चढले की आत हवेचा दाब राखावा लागतो. अंगाचा पत्रा केसभर फुगतो. खाली उतरले की पुन्हा आकसतो. प्रत्येक उड्डाण म्हणजे एक श्वास. असे हजारो श्वास झाले की पत्रा दमतो, आणि आपले दमणे तो पहिल्यांदा सांगतो ते रिव्हेटच्या भोकांच्या कडेला, दारांच्या कोपऱ्यांत. केसासारखी बारीक चीर पडते. त्यात समुद्राची खारी हवा, स्वयंपाकाच्या कप्प्याखाली आणि संडासाखाली झिरपणारे पाणी. गंज कुठे लागतो ते मुंबईच्या माणसाला सांगायला नको. आपल्या खिडक्यांचे गज पाहावेत.

हे सारे वेळेवर शोधता येते, दुरुस्त करता येते. नाना म्हणत, ‘म्हातारी माणसं घरोघरी असतात. त्यांना वेळेवर औषध द्यावं लागतं, एवढंच.’ पण आमच्या थोरल्या साहेबांनी हिशेबाची एकच बाजू मांडली होती. जुने विमान स्वस्तात मिळते, ही ती बाजू. ते तेल जास्त पिते, त्याच्या तपासण्या लांबत जातात, सुटे भाग सतत लागतात, ही दुसरी बाजू त्यांनी आमच्याकडे सोपवली आणि पैसे मात्र सोपवले नाहीत. पैसे गेले हवाई सुंदरींच्या नव्या पोशाखांकडे, चांदीसारख्या चकाकणाऱ्या काट्याचमच्यांकडे, आणि वर्तमानपत्रांतल्या पानभर जाहिरातींकडे.

हँगरच्या कोपऱ्यात आमचे दुसरे एक विमान उभे होते. एक इंजिन उतरवल्यावर ते परत चढलेच नाही. आक्काला एखादा भाग लागला की तो त्याच्या अंगावरून काढायचा. आम्ही त्याला ‘कामधेनू’ म्हणत असू. काही बिघाड नियमाने ठरावीक दिवस पुढे ढकलता येतात. ती सवलत शहाण्यासाठी असते. आमच्याकडे तीच वहिवाट झाली. मुदत भरत आली की याची टोपी त्याला, त्याची याला. कामधेनू दिवसेंदिवस हाडाडत गेली. तिच्या उघड्या पोटातून वायरी लोंबत, आणि पावसाळ्यात तिच्या पंखाखाली कुत्री झोपत.

एका दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली. पान्यांना, हातोड्यांना, आक्काच्या नाकालाही झेंडूचा हार घातला. थोरले साहेब आले, आपण सारे एक कुटुंब आहोत असे म्हणाले. पेढे वाटून झाल्यावर नाना पुढे झाले आणि सुट्या भागांची यादी त्यांनी साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती न वाचता घडी करून खिशात घातली. ‘नाना, प्रवाशाला रंग दिसतो, खुर्ची दिसते. पत्र्याचं वय त्याला दिसत नाही.’ सगळे हसले. मीही हसलो असेन.

त्यानंतर आमच्या चहाच्या टपरीवरच्या गप्पांना दुसरा विषयच राहिला नाही. साहेबांना विमानातले काय कळते, साहेबांची गाडी किती लाखांची, आमचे पगार किती दिवस थकले. रागालाही एक चव असते. चहाबरोबर तो रोज थोडा थोडा प्यायला की बरे वाटते, आणि आपण स्वच्छ आहोत अशी खात्री पटत जाते.

आणि मग भाद्रपदातली ती रात्र आली.

आक्काच्या पुढच्या दाराशी पाणी झिरपत होते, म्हणून तिथला स्वयंपाकाचा कप्पा आम्ही पूर्ण बाहेर काढला. झिरपणारा नळ सापडला, बदलला. पहाटे दिल्लीचे उड्डाण होते. कप्पा परत बसवण्यापूर्वी शिस्त म्हणून मी आत शिरलो आणि हा आरसा दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्याकडे वळवला. आरशात एक रेघ दिसली. केसाएवढी, भोकापासून निघून तिरकी गेलेली. ओरखडा असेल. रंग तडकला असेल. विजेरीची बॅटरीही उतरत आली होती. बोटाने चाचपायला गेलो तर हात पोचत नव्हता.

हे सांगितले असते तर काय झाले असते, ते मला पाठ होते. उड्डाण रद्द. सकाळी साहेबांची गाडी हँगरच्या दारात. ‘कोणी शोधलं हे?’ माझा तीन महिन्यांचा पगार थकला होता. मुलीच्या शाळेची फी भरायची होती. खालून पाळीप्रमुख ओरडले, ‘अरे, झालं का?’

‘झालं, साहेब.’

बस. दोनच शब्द. कप्पा बसला, रेघ त्याच्यामागे गेली. नानांनी चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, त्यांनी सही केली.

उजाडता उजाडता प्रवासी आले. शिडीशी पाऊस भुरभुरत होता. एका बाईंच्या हातात स्टीलचा डबा होता. गणपतीचे दिवस, आत मोदकच असणार. मोदकांना धक्का लागू नये म्हणून तो दोन्ही हातांनी सरळ धरून त्या एकेक पायरी जपून चढत होत्या. ज्या दारातून त्या आत गेल्या, त्याच बाजूला पलीकडे माझी रेघ होती.

१९८८ सालच्या २८ एप्रिलची एक गोष्ट आम्हाला शिकवलेली होती. हवाई बेटांवर याच जातीचे एकोणीस वर्षे वयाचे विमान, नव्वद हजारांच्या आसपास उड्डाणे झालेले. चोवीस हजार फुटांवर त्याच्या छपराचा सुमारे अठरा फुटांचा तुकडा उडून गेला. वैमानिकांनी ते तशा स्थितीत उतरवले; पण एक हवाई सेविका आकाशात ओढली गेली ती गेलीच. पुढे चौकशीत निघाले की चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळच्या पत्र्यात चीर दिसली होती. ती कोणाला काही बोलली नाही. वर्गात हे ऐकताना मी मनात म्हटले होते, काय बाई तरी!

त्या दिवशी मी घरी गेलो नाही. टपरीवर बसून राहिलो. आकाशात आवाज आला की वर पाहायचे. त्या जुन्या इंजिनांचा कर्कश आवाज लांबून ओळखू येई. दुपारी तो आला. आक्का उतरली, ठीक उतरली, माणसे उतरली. मी नानांकडे गेलो आणि सारे सांगितले.

ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. ‘चल, दाखव.’

कप्पा पुन्हा बाहेर काढला. कोपरा घासून स्वच्छ केला. तांबडा रंग लावला, पुसला, वर पांढरी भुकटी फवारली, आणि आम्ही थांबलो. ओरखडा असता तर पांढरे पांढरेच राहिले असते. हळूहळू त्या पांढऱ्यातून कुंकवाने ओढावी तशी तांबडी रेघ वर आली. बोटाच्या पेराएवढी. नानांनी वहीत लिहिले, सही केली, आणि आक्का जागीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नानांना बोलावले. ही चीर कोणी शोधली, असे त्यांनी विचारले. ‘मी,’ नाना म्हणाले. महिन्याभरात त्यांना राजीनामा द्यावा लागला. दुरुस्तीला पैसे मिळाले नाहीत. आक्का कामधेनूशेजारी जाऊन उभी राहिली. त्या काळातल्या बहुतेक छत्र्यांप्रमाणे आमची छत्रीही १९९७ संपण्याच्या आत मिटली. पगार बुडाले ते बुडालेच. नाना गुहागरकडे आपल्या गावी गेले आणि तिकडेच वारले.

पुढे मी दुसरीकडे नोकरी केली, निवृत्त झालो. थोरल्या साहेबांविषयी आजही कोणी विषय काढला तर मी तासभर बोलू शकतो, आणि त्यातला एक शब्दही खोटा नसतो. पण मध्येच कुठेतरी तो स्टीलचा डबा आठवतो आणि माझा आवाज आपोआप खाली येतो. पत्र्याचे वय प्रवाशाला दिसत नाही, असे साहेब म्हणाले होते. मला तर ते दिसले होते. त्यांनी यादी खिशात घातली, मी रेघ कप्प्यामागे घातली. त्यांच्यापाशी निदान न वाचल्याची सबब होती.

‘ठेवायचं की टाकायचं?’ माळ्यावरून प्रश्न आला.

मी उत्तर देण्याआधीच नात आरसा घेऊन खिडकीशी गेली होती. तोंड उघडून ती दाढांच्या मागे पाहत होती. थोड्या वेळाने बोट तोंडात ठेवूनच ती म्हणाली, ‘आजोबा, इथं मागं काहीतरी काळं दिसतंय. पण दुखत नाहीये. आईला नको सांगायला, ती डॉक्टरकडे नेईल.’

मी तिचा हात धरला आणि तिला स्वयंपाकघराकडे नेले.